तीन वाट्यांची परीक्षा

प्रिय बाबा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही आईला हाक मारणार आणि म्हणणार, नकटीचा फोन बिघडला वाटतं. फोन ठणठणीत आहे. आईला हाक मारू नका. खानावळीतली दुपारची गर्दी ओसरली की मागच्या दारापाशी तुमचं ते पाय हलणारं स्टूल घेऊन बसा आणि एकट्यानं वाचा. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांच्या वर बोलू देत नाही. मी जरा कुठे मुद्द्यावर येते, की तुम्ही जेवलीस का विचारता आणि उत्तर न ऐकताच फोन आईच्या हातात देता. कागद असा मध्येच कुणाच्या हातात देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी इकडची बातमी. मला नाकाच्या टेबलावरून उठवलंय. घाबरू नका, नोकरी शाबूत आहे, फक्त जागा बदलली. आता मी पलीकडच्या खोलीत यंत्रांजवळ बसते. पण का उठवलं ते सांगायचं तर आधी हे टेबल काय प्रकार आहे ते नीट सांगायला हवं, कारण सहा वर्षांत तुम्ही ते एकदाही धड ऐकून घेतलेलं नाही. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही गल्लीभर सांगत सुटला होतात, की ज्या पोरीला मी जन्मभर नकटी म्हणत आलो तिला सरकारनं वास घ्यायला ठेवलंय. हसून हसून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यानंतर मी कितीही समजावलं तरी तुमच्या डोक्यात एकच चित्र: मी खुर्चीत बसले आहे आणि कुणीतरी माझ्या नाकाखाली मासे धरतंय.

चित्र तसं फार चुकीचं नाही म्हणा. धक्क्यावरून, बाजारातून, शीतगृहांतून आमचे निरीक्षक मासळीचे नमुने आणतात, बर्फात घालून, सील ठोकून. आमच्या दारातच त्यावरचं नावगाव निघून जातं आणि तीन आकडी नंबर चढतो. मासा कुणाचा, कुठल्या बोटीचा, मोठ्या कंपनीचा की टोपलीवालीचा, हे आत बसलेल्या कुणालाच ठाऊक नसतं. मग त्याचे वाटे पडतात. एक वाटा यंत्रांकडे जातो, पारा किंवा औषधांचा अंश शोधायला. एक जंतूवाल्यांकडे जातो. ते काचेच्या बशीत जंतू वाढू देतात आणि दोन दिवस त्यांच्याकडे बघत बसतात. आणि एक आमच्याकडे. आमच्या खोलीत पाच कप्पे आहेत, मतदानाला असतात तसे, एकाला दुसरा दिसू नये म्हणून. अत्तर बंद, वासाचा साबण बंद, केसांना तेल बंद, अर्धा तास आधीपासून चहाही बंद. झाकणाच्या काचेच्या वाडग्यातून मासा येतो. झाकण उचलायचं, दोन छोटे श्वास घ्यायचे, झाकण लावायचं आणि कागदावरच्या दहा सेंटिमीटरच्या रेघेवर एक खूण करायची. डावं टोक म्हणजे ताजा, उजवं टोक म्हणजे गेलेला. बोलायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही, हुं सुद्धा करायचं नाही.

यंत्रं असताना नाकं कशाला, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत आणि उत्तर ऐकायच्या आत रस्सा ढवळायला गेला होतात. तर ऐका. यंत्राला जे विचाराल तेवढंच ते शोधतं. नाकाला काही विचारावं लागत नाही, ते आपणहून सांगतं. पण नाकाला न कळणाऱ्याही गोष्टी असतात. बांगडा चार तास उन्हात राहिला की त्यात असं काही तयार होतं, की खाणाऱ्याचं तोंड लालबुंद होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. तुम्ही नेहमी म्हणता, खळखळून उकळलं की सगळं मरतं. हे मरत नाही बाबा, कारण हे जिवंतच नसतं. जंतू मरतात, त्यांनी करून ठेवलेला उपद्व्याप तसाच राहतो. त्याच्यासाठी यंत्र लागतं. मी आता त्याच यंत्रावर असते, आणि ते इतकं तापट आहे की तुमची आठवण येते.

आमच्या टेबलाच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे हेडमास्तर म्हणतात. एकतीस वर्षं वास घेतायत. कोळंबी बर्फात किती दिवस होती हे त्या झाकण पूर्ण उघडायच्या आत सांगतात. प्रत्येक खेपेला त्या नमुन्यांमध्ये एक मासा गुपचूप घालतात, जो ताजा आहे हे त्यांना पक्कं माहीत असतं. आमच्यापैकी कुणाचं नाक भरकटलंय का ते बघायला. आणि कोपऱ्यातल्या खोलीत आमचा आकडेवाला असतो. त्याला माशांतलं ओ की ठो कळत नाही, तो मासे खातही नाही. प्रत्येक नाकाचा एक आलेख त्याच्याकडे असतो आणि तो रोज त्यावर ठिपके देतो. बस्स.

दीड महिन्यापूर्वी एका सोमवारी मी अकरा वाडग्यांपैकी नऊ नापास केले. हेडमास्तरांचा तो ताजा मासाही त्यात होता. मंगळवारी दहा. मी ठामपणे सांगितलं की खोलीलाच वास येतोय. बाईंचा माझ्या नाकावर एवढा विश्वास, की त्यांनी अख्खी इमारत कामाला लावली. बर्फाचं यंत्र उघडून धुतलं, मोरीची जाळी काढली, फ्रीज रिकामा केला, साबण बदलला, झाडलोट करणाऱ्या बिचाऱ्या मावशींची उलटतपासणी झाली. तरी माझं पालुपद चालूच: भिंतीच्या रंगाला वास येतोय, पाण्याच्या नळाला वास येतोय. गुरुवारी आकडेवाला कागद घेऊन आला तेव्हा मी त्याच्या पेनच्या शाईलाही नावं ठेवली. त्यानं शांतपणे कागद टेबलावर पसरला. चार नाकं होती तिथंच होती, एकट्या माझे ठिपके जिना चढत होते. तो म्हणाला, बाई, मला माशातलं कळत नाही, पण आकड्यांवरून दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर सोमवारपासून सगळा समुद्र फक्त तुमच्यापुरता नासलाय, नाहीतर बदल तुमच्यातच आहे. हेडमास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, मला चहाच्या खोलीत नेलं आणि एक प्रश्न विचारला, ज्याचा माशांशी काही संबंध नव्हता. तो प्रश्न आणि त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी येईल. उगाच पान उलटून बघू नका, मला तुमची सवय माहीत आहे.

मला उठवलं याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. आमच्या हजेरीच्या वहीत एक रकानाच आहे, नाक आज कामाचं नाही. सर्दी झाली, ताप आला, दात काढला, की तिथं सही करायची आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसायचं. कुणी हसत नाही, कुणी का म्हणून विचारत नाही. खुद्द हेडमास्तरांनी एका वर्षी तापानंतर सलग चार महिने तिथं सही केली होती. चार महिने त्यांना घरात जळणारं दूध कळत नव्हतं. आणि तरी इथं सगळ्यांना ठाऊक आहे की या खात्यात त्यांच्याइतकं मासळीतलं कळणारं माणूस दुसरं नाही.

आता तुमच्याकडे येते. स्टुलावरून उठू नका.

अडीच महिन्यांपूर्वी मी आठ दिवस सुट्टीवर आले होते. पहिल्याच सकाळी मी मागच्या दारात येऊन उभी राहिले, लहानपणी राहायची तशी. मासेवालीनं टोपली उतरवली. तुम्ही बांगडा उचललात, कल्ला उघडलात, डोळे मिटलेत आणि तो तुमचा प्रसिद्ध श्वास घेतलात. बाबा, मला जे काही येतं ते सगळं त्या दारात शिकलेलं आहे. तुम्ही माझ्या नाकाशी मासा धरून विचारायचात, आजचा की कालचा, आणि मी चुकले तरी रागवायचा नाहीत, पुन्हा धरायचात. आमच्या प्रयोगशाळेनं मला फक्त रेघेवर खूण करायला शिकवलं, बाकी सगळं तुमचं. म्हणून त्या सकाळी मला एवढं विचित्र वाटलं. मी तीन पावलांवर होते आणि तिथूनही मला कळत होतं की तो बांगडा गेलेला आहे. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, झकास, सगळी टोपली उतरव.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई पदराला हात पुसत बाहेर आली. टोपलीत वाकली आणि म्हणाली, फार बारके आहेत, लोक नाक मुरडतात, परत ने. तुम्ही तिच्यावर करवादलात, की तुला माशातलं काय कळतं. तिनं टोपली मासेवालीच्या डोक्यावर चढवून दिली. दुसऱ्या दिवशी कोळंबी फार ओली होती म्हणून परत गेली. चौथ्या दिवशी लोकांना त्याच त्या माशाचा कंटाळा आला म्हणून. मधल्या दिवशी मासळी चांगली होती, तेव्हा मात्र आईला काहीच खोट दिसली नाही. त्याच आठवड्यात दूध करपून काळं झालं आणि तुम्ही शेजारीच गुणगुणत कांदा चिरत होतात. एकदा शेगडीचं बटण नुसतंच उघडं होतं. आईनं तुमच्या पाठीमागून हात घालून ते बंद केलं आणि मीठ घ्यायला आल्यासारखी मीठ घेऊन गेली.

पाचव्या दिवशी मी तुमची परीक्षा घेतली. तुम्हाला सांगितलं होतं की माझी खात्याची परीक्षा आहे, जरा सराव करू. ती थाप होती. आमच्याकडे नवीन माणसाचं नाक असंच तपासतात. तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं. मी दोन वाट्यांत ताज्या बांगड्याचं पाणी ठेवलं आणि एकीत चार दिवसांच्या. तुम्ही बरोबर सांगितलंत. वाट्या हलवून पुन्हा ठेवल्या. पुन्हा बरोबर. चार वेळा ठेवल्या, चारही वेळा बरोबर. नुसत्या अंदाजानं चारही बरोबर यायची शक्यता एक्क्याऐंशीत एक असते, हे मला पाठ आहे. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मनात म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं, आईलाच आताशा टोपल्या परत करायची खोड लागली आहे. त्या दिवशी मी दोन मासे जास्त खाल्ले आणि तुम्ही खूश झालात.

परत आल्यावर हे सगळं मी हेडमास्तरांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, वाट्या ठेवल्या कुणी? मी म्हटलं, मीच. आणि तू बसली होतीस कुठे? मी म्हटलं, त्यांच्या समोर. बाईंनी चष्मा काढला आणि इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की आकडेवाला काय झालं बघायला बाहेर आला. म्हणाल्या, अगं वेडे, ते पाच कप्पे काय आपण शोभेला केलेत? त्यांनी वाटीचा वास घेतलाच नाही, त्यांनी तुझं तोंड बघितलं. पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट, बाबा. उत्तर ज्याला माहीत आहे त्यानं परीक्षेत समोर बसायचं नाही. सहा वर्षं मी ती पाळली आणि नेमकी स्वतःच्या घरी विसरले. पहिला घास भरवल्यापासून तुम्ही हा चेहरा वाचताय. चार दिवसांच्या बांगड्यावर हात गेला की तो काय करतो हे तुम्हाला कळणार नाही तर कुणाला कळणार? थोडा वेळ मला तुमचा फार राग आला. मग तुम्ही वाटीवर वाकून, पापण्यांआडून माझ्याकडे बघताय हे डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू फुटलं.

मी आईला फोन केला. आधी तिनं उडवाउडवी केली, मग सगळं सांगितलं. थंडीत तुम्हाला तो ताप येऊन गेला, त्यानंतर तुमचं नाक परत आलंच नाही. महिनाभरात तिच्या लक्षात आलं. तुम्ही तिला सांगितलं नाहीत आणि तिनंही तुम्हाला कळू दिलं नाही की तिला कळलंय. म्हणाली, त्यांना हे कळलं तर ते चूल सोडून बसतील, आणि चूल सोडून बसलेला तुझा बाप मला बघवणार नाही. तेव्हापासून टोपली दारात आली की ती हातातलं टाकून येते. चाळीस माणसं रोज तुमच्याकडे जेवतात, बाबा, आणि इतक्या महिन्यांत त्यांतल्या एकाचंही पोट बिघडलं नाही, ते तिच्यामुळे. तुमच्या शिव्या खाऊन. मी तुम्हाला काही सांगणार नाही असं तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी आत्ता मोडलं.

चूल सोडायची काही गरज नाही, हे मी मुलगी म्हणून नाही, सरकारी माणूस म्हणून सांगते. माशाचा डोळा फुगलेला आहे की बसलेला, कल्ला लाल की तपकिरी, बोट दाबलं की मांस वर येतं की खड्डा राहतो, यांतलं तुमच्याइतकं आमच्या अर्ध्या खात्याला कळत नाही. तुमचे डोळे आणि बोटं कामावर आहेत, रजेवर फक्त नाक आहे. त्याच्या जागी दुसरं नाक बसवायचं. ते निवृत्त पोस्टमास्तर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात ना, ज्यांना मीठ कमी, भात गरम, खिडकी उघडी, सगळ्याचाच त्रास होतो? त्यांना दारात उभं करा. तक्रार करायचं अधिकृत काम मिळालं तर ते माणूस दहा वर्षांनी तरुण होईल. दोघांपैकी एकालाही शंका आली की टोपली परत, वाद नाही, आमच्याकडे हाच नियम आहे. बांगडा उतरला की लगेच बर्फात, मग तो कितीही ताजा दिसो. शेगडीसाठी गॅस सुटला की ओरडणारं यंत्र मी वेगळं पाठवते आहे, ते भिंतीला लावून घ्या. आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जा. हेडमास्तरांना त्यांच्या डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ चार ठरावीक वास घ्यायला लावले होते, येवोत न येवोत. हळूहळू आले. तुमचे येतीलच असं मी लिहून देत नाही, पण बसून राहण्यापेक्षा ते बरं.

आता तो प्रश्न. हेडमास्तरांनी मला विचारलं की तुझी पाळी कधी आली होती. मी बोटांवर मोजायला लागले आणि मध्येच थांबले. तुम्ही आजोबा होणार आहात, बाबा. माझ्या आधी ते आकडेवाल्याच्या आलेखाला कळलं. तीन महिने झाले, सगळं छान आहे, फक्त मला जगातल्या प्रत्येक वस्तूचा वास येतो आणि तुमच्या जावयांना दिवसातून दोनदा शर्ट बदलावा लागतो. परवा आईला सांगितलं आणि बाबांना मी स्वतः कळवते म्हणून बजावलं. ती फोनवरच रडली, हसली, बाळाला काय काय शिवणार त्याची यादी झाली. मग मी म्हटलं, शेवटचा महिना आणि पुढचे दोन, असे तीन महिने माझ्याकडे ये. तर ती म्हणाली, बघू, गुडघा दुखतो, प्रवास झेपायचा नाही. तिचा गुडघा दुखत नाही. तुमच्या मागच्या दारातली टोपली सोडून ती निघू शकत नाही, आणि हे ती तुम्हालाही सांगू शकत नाही आणि मलाही. मी चांगली धीट आहे असं सगळे म्हणतात, पण या एका गोष्टीची मला भीती वाटते आणि मला त्या वेळी आई हवी आहे. म्हणून हे पत्र. मी लिहिलं हे तिला कळू देऊ नका. आज चहा घेताना सहज म्हणा, की ऐक, मला तापापासून वास येत नाही. ती खूप आश्चर्य वाटल्यासारखं करेल. तिला ते फारसं जमणार नाही. तरी करू द्या.

तुमचीच,
नकटी